धक्क्याच्या पायरीवरच्या चपला

मी एकवीस वर्षे गावचा पोलीस पाटील होतो. त्या काळात ठाण्याला किती जबाब लिहून दिले, किती पंचनाम्यांवर सह्या केल्या, ते आता आठवत नाही. बुडालेली म्हैस, फुटलेले बंधारे, भावाभावांची भांडणे. त्यातले बहुतेक मी पाहिले तसेच लिहिले. एक जबाब खोटा दिला. तो एका तरुणाविषयी होता, आणि त्याच्यामुळे त्या तरुणाला कोणी योग्य जागी शोधले नाही. नावे मी लिहीत नाही. गावाला ती ठाऊक आहेत, बाहेरच्यांना त्यांचा उपयोग नाही.

आमचे गाव मुंबईची लाँच सुटते त्या रेवस बंदराच्या आत, खाडीच्या काठाला आहे. निम्मी घरे भातशेतीची, निम्मी आम्हा कोळ्यांची. खाडीत उतरायला दगडी धक्का आहे. होडीत कोणी चप्पल घालून चढत नाही. होडी म्हणजे घरचा देव्हारा, अशी आमच्यात समजूत. त्यामुळे जो तो आपल्या चपला धक्क्याच्या वरच्या पायरीवर काढून ठेवतो आणि अनवाणी उतरतो. बायका मासळी घ्यायला धक्क्यावर येतात तेव्हा आधी पाण्याकडे पाहत नाहीत, पायरीकडे पाहतात. कोणाचा नवरा आला, कोणाचा दीर अजून बाहेर आहे, ते चपलांवरून समजते. आणि सगळ्या होड्या लागल्यावरही एखादा जोड पायरीवर उरला, तर गावातली एकही होडी धंद्याला जात नाही. तीन भरत्या होईपर्यंत सगळे मिळून खाडी, कांदळवन, समोरचा काठ पालथा घालतात. लग्न असो, सण असो, सगळे थांबते. हा रिवाज कोणी लिहून ठेवलेला नाही, पण तो मोडल्याचे मी माझ्या आधी ऐकले नव्हते.

अकरा वर्षांपूर्वीच्या नारळी पौर्णिमेला पहिला नारळ अर्पण करायचा मान आमच्या घराकडे आला. माझ्या आजोबांच्या वेळी तो दुसऱ्या घराकडे गेला होता आणि दोन पिढ्या आमचे लोक मिरवणुकीत मागे चालायचे. माझे वडील त्यावरून आयुष्यभर कुढले. म्हणून त्या वर्षी मला काय वाटत होते ते सांगितले नाही तर पुढचे समजणार नाही. मुलाने पांढरा सदरा आणला होता. मी तो आदल्या दिवशी दोनदा घालून पाहिला होता, साठीचा माणूस.

त्या आदल्या दिवशीच्या संध्याकाळी धक्क्यावर शेजारच्या घरातल्या बापलेकांचे भांडण झाले. मुलगा तेवीस वर्षांचा. आयटीआय केलेला, हाताचा हुशार. गावातली निम्मी इंजिने तो दुरुस्त करायचा आणि काम चालू असताना इंजिनाशी बोलायचा. त्याला मुंबईला गोदीत नोकरी हवी होती, बापाला तो होडीवर हवा होता. त्यांची होडी नुकती रंगवून पाण्यात सोडली होती, धक्क्यापासून थोडे पुढे खुंटाला बांधलेली. दुसऱ्या दिवसासाठी तिच्यावर पताका लावायच्या राहिल्या होत्या.

"पताका लाव आन् मंग काय ती वकिली कर," बाप म्हणाला.

"लावतो. पन पुढल्या वर्सी दुसरा कोन बघ."

"पुढल्या वर्साचं कशाला, आताच जा तुज्या मुंबईला. परत हितं तोंड दावू नको."

आम्ही सात-आठ जण उभे होतो. कोणीतरी हसून म्हणाले, "जाऊ दे रं, लाँच सुटली आता, सकाळी जाईल." सगळे हसलो आणि पांगलो. तेव्हा ओहोटी होती. ओहोटीत गुडघाभर चिखलातून त्या होडीपर्यंत जाता यायचे. काम लांबले आणि पाणी चढले तर पोहत परत यायचे. पोरे नेहमी तसेच करत.

सकाळी उजाडताना मी खराटा आणि बादली घेऊन पायऱ्या धुवायला गेलो. मान ज्याचा, धक्का त्याने धुवायचा. सणाच्या सकाळी एकही होडी बाहेर नसते, पायरी मोकळी असायला हवी. तिच्यावर एक जोड होता. निळ्या रबरी चपला, डाव्या पायाचा पट्टा हिरव्या जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेला. त्या कोणाच्या हे मला विचारावे लागले नाही. पुन्हा ओहोटी लागली होती. मी मान वर करून त्यांच्या होडीकडे पाहिले. पुढच्या टोकापासून, नाळेपासून, डोलकाठीपर्यंत पताका होत्या. डोलकाठीच्या मागची दोरी रिकामीच लोंबत होती.

मला लगेच समजले. इतकी वर्षे मी स्वतःला सांगत आलो की तेव्हा समजले नव्हते, विसरून अनवाणी घरी गेला असेल असे वाटले होते. ते खरे नाही. मला समजले, आणि समजल्यावर पहिला विचार आला तो मिरवणुकीचा. ओरडलो असतो तर गाव गोळा झाले असते, नारळ राहिला असता, तीन भरत्या गेल्या असत्या आणि पौर्णिमा टळली असती. मान पुढच्या वर्षी दुसऱ्या घराकडे गेला असता. मी वाकलो, चपला बादलीत टाकल्या आणि वर खराटा ठेवला.

घराकडे वळलो तर समोरून त्याची आई येत होती. मी तिला वयनी म्हणायचो, ती मला दादा.

"दादा, पोर दिसला का? राती घरी आला न्हाय."

बादली माझ्या हातात होती. मी ती खाली ठेवली आणि पुढे पाय केला.

"कुठं जातोय? बापाशी वाजलं ना काल. दोस्ताकडं झोपला असंल."

"दोस्ताकडं बघून आले."

"मग मुंबईला गेला असंल. येईल राग गेला की."

ती जायला वळली. मग म्हणाली, "तुमचा आज मान हाय, तुमाला कशाला तरास," आणि गेली. सांगायची वेळ ती होती. एकदा मी तरुण असताना आमच्यातल्या एकाला दुसऱ्या दिवशी दुपारी कांदळवनातून जिवंत काढले होते. रात्रभर मुळांना धरून बसला होता, अंग सोलपटलेले, पण जिवंत. म्हणजे त्या सकाळीही एखादा माणूस तिथे जिवंत असू शकतो, हे मला ऐकीव नव्हते, पाहिलेले होते. ते आठवले नाही असेही मी म्हणू शकत नाही.

घरी जाऊन चपला न्हाणीच्या चुलाण्यात घातल्या. रबराचा धूर झाला. बायको आली.

"कसला वास हा?"

"जुनी चप्पल होती."

"कोणाची?"

"धक्क्यावर पडली होती."

तिने चुलाण्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. पुढे काही विचारले नाही. सणाच्या दिवशीही त्या सकाळी तिने त्या चुलाण्यावर तापलेल्या पाण्याला हात लावला नाही, विहिरीवर जाऊन गार पाण्याने आंघोळ केली. ती गेली त्याला सहा वर्षे झाली. आमच्यात या विषयावर दुसरे वाक्य कधी झाले नाही.

दुपारी भरतीला मी नारळ सोडला. चांगला सोडला असे सगळे म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ठाण्यातून हवालदार आले. शेजारच्या ओटीवर बसून त्यांनी विचारले, "जाताना कोणी पाहिलं का?" कोणी बोलेना. त्याचा बाप खांबाला टेकून माझ्याकडे पाहत होता. त्याला काहीतरी हवे होते, काहीही. बुडाला यापेक्षा रागावून गेला हे त्याला हवे होते, असे तेव्हा मी समजलो. मी म्हणालो, "मी पाहिला. पौर्णिमेच्या आदल्या सांजेला, रेवसच्या रस्त्याने पायी चालला होता. हातात पिशवी होती."

पिशवी कोणी विचारली नव्हती.

तेच मी माझ्या अक्षरात लिहून दिले आणि शिक्का मारला. पोलीस पाटलाने पाहिले म्हटल्यावर कोण काय विचारणार? मोबाइलचे शेवटचे ठिकाण काढले, पण आमचा आणि रेवसचा टॉवर एकच, त्यातून काही निघाले नाही. मुलगा सज्ञान, घरी वाद झालेला, स्वतःहून गेलेला. त्याच्या दोन मित्रांनी भाऊच्या धक्क्यावर आणि गोदीच्या दाराशी फोटो दाखवला. खाडीत कोणी उतरले नाही. होडीवर त्याची चिखलाची पावले होती की नाही हे पाहायलाही कोणी गेले नाही. होडीवर लागलेल्या पताका बापाने स्वतः काढल्या.

पुढे तो तिकडे दिसला, इकडे दिसला असे निरोप यायचे. नाशिकला वॉचमन आहे. गुजरातला बोटीवर आहे. दुसऱ्या वर्षी माघात कोणीतरी सांगितले की पालीला बल्लाळेश्वराच्या रांगेत अगदी तसाच एक जण होता. बाप जायला तयार नव्हता. "मी घालवला त्याला, मी कुठल्या तोंडानं शोधू?" म्हणायचा. मग त्याची आई माझ्याकडे आली. "दादा, तुमी चला. तुमी त्याला शेवटचं बघितलंय, तुमी वळखाल."

मी गेलो. नाही म्हणायला कारण सापडले नाही. एसटीत तिने खिडकीची जागा मला दिली. पालीला आम्ही दोन दिवस राहिलो. ती प्रत्येक दुकानात फोटो दाखवायची. हारवाल्या बाईने फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "मावशी, एवढा देखणा पोरगा रांगेत असता तर मीच ठेवून घेतला असता." त्यावर वयनी हसली. दीड वर्षात मी तिला हसताना पाहिले नव्हते. मग तळ्याच्या कडेला बसून तिने तांदळाच्या भाकऱ्या आणि बटाट्याची भाजी सोडली. मोठी भाकरी माझ्या हातावर ठेवली.

"तुमी त्याला रस्त्याला बघितलं म्हनून मी उभी हाय, दादा," ती म्हणाली. "न्हायतर मी खाडीतच बघत बसले असते."

मी ती भाकरी खाल्ली. पूर्ण खाल्ली. त्या दोन दिवसांत सांगायला हवे होते, आणि मी तिला परतीच्या एसटीत धीर देत होतो.

बाप तीन वर्षांपूर्वी वारला. शेवटी शेवटी तो ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "तोंड दावू नको म्हनालो मी. शब्दाचा पक्का निघाला." लोक आधी गप्प बसायचे, मग सवय झाल्यावर विषय बदलायचे. गावातल्या बाया आपल्या पोरांना दटावायच्या, "त्याच्यावानी आईला सोडून जाशील का?" गावाच्या लेखी तो पळपुटा झाला. हे मी दारात बसून ऐकत होतो.

या वर्षीपर्यंत मी बोललो नसतो, असे वाटते. माझ्यात काही चांगले जागे झाले म्हणून बोललो, असे कोणी समजू नये. या पावसाळ्याच्या तोंडावर आता जी गावची पोलीस पाटील आहे ती सकाळी सातच्या सुमारास माझ्याकडे आली. तिशीतली मुलगी, आमच्यातलीच. शेजारच्या पाड्यावरचा एक तरुण आदल्या संध्याकाळपासून नव्हता. मोटारसायकल खाडीच्या बंधाऱ्यावर उभी, हेल्मेट आरशाला अडकवलेले, मोबाइल डिकीत. भांडण नाही, चिठ्ठी नाही.

"काका, घरचे म्हणतात पुण्याला मैतराकडं गेला असेल," ती म्हणाली. "तुमचा तो जुना जबाब फाइलला हाय. सुटसुटीत हाय एकदम. तसाच लिहू का? तेवढंच ठाण्याचं काम हलकं होईल."

तिने मोबाइलवर फोटो काढून आणला होता. माझे अक्षर, माझा शिक्का. हातात पिशवी होती.

मी म्हणालो, "लिहू नको. होड्या थांबव. खाडी बघा आधी."

"का पण? उद्यापासून वारा सांगितलाय, सगळे आजच बाहेर पडणार."

"तो जबाब खोटा हाय."

ती हसली. तिला वाटले म्हातारा थट्टा करतोय. मग मी चपलांचे सांगितले, चुलाण्यापर्यंत. ती उभी होती ती खाली बसली.

"काका, तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

"शेजारच्या काकूला ठाऊक हाय?"

"न्हाय."

ती उठली, दारातूनच फोन लावू लागली. पाठ फिरवून म्हणाली, "हे आधी उरकते. काकूला मी सांगणार न्हाय. तुम्ही सांगायचं. न्हाय सांगितलं तर मी ठाण्यात जाते."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, तीन भरत्या, आमच्या आणि त्या पाड्याच्या होड्यांनी खाडी पाहिली. पोरे कांदळवनात कमरेइतक्या चिखलात फिरली. तो सापडला नाही, अजून सापडलेला नाही. तिच्या जबाबात तिने लिहिले आहे, "कोठे गेला हे माहीत नाही. कोणी पाहिले नाही." मी एकवीस वर्षांत असे वाक्य लिहिले नव्हते. मला ते कमीपणाचे वाटायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी शेजारी गेलो. दार तेच, पंधरा पावलांवर. ती अंगणात बसून सुकट निवडत होती. मी उभ्यानेच सांगितले, बसलो असतो तर अर्धे गिळले असते. चपला, बादली, ती समोर आली होती ते, धूर, हवालदार, पिशवी. ती सुकटीतून काड्या काढतच राहिली. मी थांबल्यावर तिचे हात थांबले.

तिने विचारले, "कशा होत्या?"

"कशा म्हणजे? निळ्या. डाव्याला हिरवा दोरा…"

"तो मीच बांधला व्हता. पायरीवर कशा होत्या? तोंड कुठं होतं, पान्याकडं का घराकडं?"

मला हे कोणी विचारेल असे वाटले नव्हते. आमच्यात परत यायचे असते तो माणूस चपला काढताना वळून ठेवतो, टोके गावाकडे, म्हणजे वर आला की थेट पाय घालता येतात. लहानपणापासून सगळे तसेच करतात, न बोलता. ज्यांनी जीव द्यायला धक्का गाठला, असे माझ्या आठवणीत दोन जण, त्यांच्या चपला पाण्याकडे तोंड करून, कशाही सुटलेल्या होत्या.

तिला कोणते उत्तर हवे आहे ते स्पष्ट होते, आणि मी लोकांना हवी ती उत्तरे दिलेला माणूस. म्हणून मी घाई केली नाही. डोळे मिटून पुन्हा तिथे गेलो. मी गावाकडून उतरत होतो. पायरीपाशी पोचण्याआधीच मला हिरवा दोरा दिसला होता, म्हणून तर चपला ओळखल्या. तो दोरा पट्ट्याच्या पुढच्या टोकाला होता, अंगठ्यापाशी. टाचा माझ्याकडे असत्या तर तो मला इतक्या लांबून दिसला नसता.

"घराकडं," मी म्हणालो. "दोन्ही, जोडून."

"खरं सांगतोस?"

अकरा वर्षे, त्याआधीची तीस वर्षे, तिने मला कधी एकेरी हाक मारली नव्हती. मी ते कसे आठवते तेही सांगितले, दोऱ्याचे. तिने ते नीट ऐकून घेतले.

"म्हंजे येनार व्हता," ती म्हणाली. "पताका लावून घरी येनार व्हता. मला सोडून गेला न्हाय."

तिने समोरची सुकट बाजूला सारली.

"मी त्याला शिव्या दिल्या. अकरा वर्सं. जेवताना सुदीक द्यायची." मग आतल्या भिंतीकडे, नवऱ्याच्या फोटोकडे हात केला. "तो मी घालवला, मी घालवला म्हनत गेला. आता त्याला कोन सांगनार? तू सांगशील?"

मी पाया पडायला वाकलो. तिने पाय मागे घेतले.

"माज्या पाया पडून काय? मला एकटीला सांगून सुटायला आलास. पळपुटा त्याला सगळ्या गावानं म्हटलंय. गावाला सांग."

ते खरे होते. एकटीला सांगून सुटायलाच मी गेलो होतो.

रविवारी देवळात सभा बोलावली. नवी पोलीस पाटील शेजारी बसून लिहीत होती. मी सगळे सांगितले. कोणी ओरडले नाही. मागून एक जण, त्याचा जुना मित्र, शांतपणे म्हणाला, "पाटील, नारळ गोड लागला का?" काहीजण हसले. मान आमच्या घरातून काढून घ्यावा असे मीच म्हणालो. माझा मुलगा उठून बाहेर गेला. तो अजून माझ्याशी बोलत नाही आणि मी त्याला दोष देत नाही. त्याला तो पांढरा सदरा आठवत असणार.

नवा जबाब ठाण्यात दिला आहे. माझ्यावर काय व्हायचे ते होईल. तो बुडाला, असेही मी त्यात लिहिलेले नाही, कारण ते मी पाहिले नाही. एवढेच लिहिले आहे की तो रेवसच्या रस्त्याला मला दिसला नव्हता, त्याच्या चपला धक्क्यावर होत्या, आणि त्या मी उचलल्या.

सभेच्या दुसऱ्या दिवशी वयनी माझ्या दारात आली आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "कुठली पायरी, दाव." आम्ही धक्क्यावर गेलो. ती पुढे, मी मागे. मी बोट दाखवले. तिने पदराने तो दगड पुसला आणि तिथे बसली. ओहोटी लागत होती, समोर चिखल उघडा पडत चालला होता.

"पताका कुठवर लागल्या होत्या?" तिने विचारले.

"डोलकाठीपर्यंत."

"म्हंजे निम्म्या," ती म्हणाली. मग म्हणाली, "तू जा आता."

मी आलो. संध्याकाळी तिचा दिवा लागला का ते पाहायला दोनदा अंगणात गेलो. पाणी परत चढले तेव्हा ती घरी आली.